भाड्याच्या सर्व्हरची दोन दशकं

अॅमेझॉननं 14 मार्च 2006 रोजी ‘एस-थ्री’ ही सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात मिरवण्यासारखं काही दिसत नव्हतं. एक जीबी माहिती महिनाभर आमच्याकडे ठेवा आणि 15 सेंट द्या, एवढाच मामला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ आली. तासाला 10 सेंट मोजायचे आणि दूर कुठंतरी असलेला संगणक हवा तसा राबवायचा. अनामत नाही, वर्षाचा करार नाही, सेल्सच्या माणसाची मनधरणी नाही. क्रेडिट कार्ड असलं की झालं. पुस्तकं विकून मोठा झालेला दुकानदार आता सर्व्हर भाड्यानं देणार, यावर तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती.

कल्पना तशी जुनीच. जॉन मॅकार्थी यांनी 1961 मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात सांगून ठेवलं होतं की, टेलिफोनसारखी संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. 1999 मध्ये स्थापन झालेली सेल्सफोर्स कंपनी तयार सॉफ्टवेअर ब्राउझरमधून भाड्यानं देत होतीच. पण नुसतं यंत्र, तेही तासाच्या बोलीवर आणि कोणालाही, ही 2006 ची खरी नवलाई.

आपल्याकडे तेव्हा काय चित्र होतं? भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम कारखान्यात ‘सर्व्हर रूम’ म्हणजे अकाउंट्सशेजारची रिकामी केलेली स्टोअररूम. खिडकीतला एसी रात्रंदिवस चालू. खाली यूपीएसच्या बॅटऱ्या, वीज गेली की त्यांचं केकाटणं सुरू. ड्रॉवरमध्ये वारांची नावं लिहिलेल्या बॅकअपच्या टेप. त्यातली शनिवारची टेप मालकांच्या घरच्या कपाटात जायची. ती पुन्हा वाचता येते की नाही, हे सहसा कुणी तपासलेलं नसे. सर्व्हर घ्यायचा तर पाच वर्षांनंतरचा धंदा डोळ्यांपुढं ठेवून घ्यायचा, म्हणजे पहिली काही वर्षं त्याची निम्मी ताकद पडूनच. कोटेशन, परचेस ऑर्डर, डिलिव्हरी या फेऱ्यात महिना-दोन महिने सहज जायचे.

या पार्श्वभूमीवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं 2007 मधलं काम पाहण्यासारखं आहे. 1851 ते 1980 या काळातले 1.1 कोटी लेख वाचकांना पीडीएफ स्वरूपात द्यायचे होते. स्कॅन केलेल्या चित्रांचा ढीग 4 टेराबाइटचा. डेरेक गॉटफ्रिड या त्यांच्या अभियंत्यानं तो सगळा एस-थ्रीवर चढवला, ईसी-टूवर 100 संगणक घेतले आणि चोवीस तासांच्या आत काम उरकलं. त्या वेळच्या दरानं 100 यंत्रांचं एका दिवसाचं भाडं होतं 240 डॉलर, साठवणुकीचा खर्च वेगळा. एकच यंत्र 100 दिवस चालवलं असतं तरी भाडं तेवढंच झालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी त्या शंभर यंत्रांचं करायचं काय, हा प्रश्न पडलाच नाही. ती परत गेली.

माझ्या मते अशा भाड्याच्या यंत्रांचा, म्हणजे ‘क्लाऊड’चा, धंद्याला झालेला सगळ्यात मोठा फायदा या एका उदाहरणात आला. तो स्वस्ताईचा नाही. भांडवल न अडकवता सुरुवात करता येते आणि जमलं नाही तर गाशा गुंडाळता येतो, ही मुभा त्यानं दिली. पूर्वी नवा उद्योग काढणाऱ्याचा बराच पैसा यंत्रसामग्रीतच जायचा. आता तो पगार आणि ग्राहक मिळवण्यावर खर्च करता येऊ लागला.

पुढं गुगल 2008 मध्ये उतरलं, मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा 2010 च्या सुरुवातीला बाजारात आली. सेवांचे तीन थर पडले: नुसतं यंत्र आणि साठवणूक, त्यावर प्रोग्रॅम चालवायची सगळी मांडणी तयार, किंवा थेट तयार सॉफ्टवेअर. लहान व्यावसायिकाचा संबंध बहुतेकदा तिसऱ्या थराशीच येतो. ईमेल, बिलिंग, हजेरीपट आणि सीआरएम वापरणाऱ्या कित्येकांना आपण ‘क्लाऊडवर’ आहोत याचा पत्ताही नसतो.

भारतीय कंपन्यांचा डेटा सुरुवातीला सिंगापूर नाहीतर अमेरिकेत असायचा. ते चित्र सप्टेंबर 2015 मध्ये बदलायला लागलं. मायक्रोसॉफ्टनं पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं उघडली, जून 2016 मध्ये अॅमेझॉन मुंबईत आलं, 2017 संपण्याआधी गुगलही. मुंबईच का? समुद्राखालून येणाऱ्या केबल इथं किनाऱ्याला लागतात आणि बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार हे बडे ग्राहक हाकेच्या अंतरावर आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथं रासायनिक कारखाने होते, तिथं आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात, त्या या डेटा सेंटरच्या. महाराष्ट्र सरकारनंही जानेवारी 2018 मध्ये सरकारी खात्यांसाठी पब्लिक क्लाऊड धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंटचा डेटा देशातच ठेवण्याचा आदेश काढला.

छोट्या कंपन्यांना मात्र धोरणांपेक्षा कायद्यानं ढकललं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि कागदी वह्यांवर भागेना. ऑगस्ट 2022 पासून कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असणं बंधनकारक झालं. मध्ये मार्च 2020 ची टाळेबंदी येऊन गेली. ज्यांचं काम ऑफिसातल्या सर्व्हरवर होतं, ते परवानगीचा पास काढून डेस्कटॉप टेम्पोत घालून घरी नेत होते. ज्यांचं आधीच क्लाऊडवर होतं, त्यांना लॅपटॉप आणि बरं इंटरनेट पुरलं.

इथवर कौतुक. आता दुसरी बाजू.

28 फेब्रुवारी 2017 रोजी अॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याकडून दुरुस्तीच्या आज्ञेत एक आकडा चुकला, नको तेवढे सर्व्हर बंद पडले आणि अमेरिकेतल्या असंख्य साइट काही तास ठप्प झाल्या. सेवा चालू आहे की नाही हे दाखवणारा अॅमेझॉनचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर उभा असल्यामुळे वेळेवर बदलता आला नाही! 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीची एक डेटा सेंटर इमारत जळून खाक झाली. बॅकअप दुसरीकडे न ठेवलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. भाड्यानं घेतलं म्हणजे काळजी मिटली, हा समज त्या रात्री अनेकांना महागात पडला.

बिलाचीही तीच गत. चढ-उताराच्या कामाला क्लाऊड उत्तम: दिवाळीचा सेल, निकालाचा दिवस, रिटर्नची शेवटची तारीख. पण वर्षभर एकसारखं चालणारं काम भाड्याच्या यंत्रावर ठेवलं, तर भाडंच किमतीच्या वर जातं. ड्रॉपबॉक्सनं बराचसा साठा अॅमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि दोन वर्षांत सुमारे 7.5 कोटी डॉलर वाचवले. 37 सिग्नल्स या छोट्या अमेरिकी कंपनीचं 2022 चं क्लाऊडचं बिल 32 लाख डॉलर होतं. तिनं स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन काढता पाय घेतला. आपल्याकडे तर डेमोसाठी सुरू केलेलं यंत्र बंद करायचं राहून जातं, पहिलं मोठं बिल आल्यावर धावाधाव होते, आणि शेवटी ते कुणी सुरू केलं हेच सापडत नाही.

जुलै 2025 मध्ये वेगळाच पेच समोर आला. युरोपीय संघानं नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं मुंबईत मुख्यालय असलेल्या या तेल कंपनीच्या सेवा बंद केल्या. कंपनीनं दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर लवकरच सेवा परत सुरू झाल्या. पैसे भरलेले, भारतीय कायदा मोडलेला नाही, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःचा ईमेल उघडता येईना.

मग पुन्हा स्टोअररूममध्ये सर्व्हर बसवायचा का? मुळीच नाही. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीनं तो उपद्व्याप करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. फक्त करार करताना विक्रेत्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. उद्या आमचा सगळा डेटा बाहेर न्यायचा झाला तर तो कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.