सेवकाचा अधिकारी झाला, सेविकेचं काय?

(बोलण्यातली माणसं : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात नात्यांची नावं पाहिली. आज कामांची.

मुदखेड जंक्शनहून आदिलाबादचा फाटा फुटतो. अशा रेल्वेच्या गावात गँगमन, गेटमन, पॉइंट्समन हे शब्द घरातलेच. त्यातल्या 'मन'चा अर्थ कुणाच्या ध्यानात नसतो, पण गँगमन म्हटलं की डोळ्यांपुढे खांद्यावर फावडं टाकलेला बाप्याच येतो. आता गँगमनचा ट्रॅक मेंटेनर झाला आहे आणि जानेवारी २०२२ मध्ये गार्डचा ट्रेन मॅनेजर झाला.

इंग्रजीत एवढ्यावर भागतं. मराठीत क्रियापद आडवं येतं. मॅनेजर 'आला' की 'आली', हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. माहीत नसलं की आपण 'आला' म्हणून मोकळे होतो. आदराने 'आले' म्हटलं, तरी ते पुल्लिंगीच. पदावर बाई असली की मागे 'मॅडम' लागतं : तलाठी मॅडम, पीएसआय मॅडम. दवाखान्यात उलटं. तिथे हाक 'सिस्टर'चीच रुळलेली, म्हणून नर्सिंगला आलेल्या मुलासाठी 'ब्रदर' काढावा लागला. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकापासून रेल्वेत होत्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, तेव्हाही बातमीत त्या 'महिला लोको पायलट'च होत्या.

आपल्याकडे जुनी स्त्रीलिंगी रूपं नव्हती असं नाही. पाटलीण, सोनारीण होत्याच. पण त्या बहुधा पाटलाची, सोनाराची बायको म्हणून. २०११ मध्ये महाराष्ट्राने ग्रामपंचायतींत महिलांसाठी निम्म्या जागा राखल्या. बाई सरपंच झाल्या आणि गावोगाव 'सरपंचपती' हा शब्द रूढ झाला. पाटलिणीला नवऱ्याच्या पदाचं नुसतं नाव मिळत होतं; सरपंचपतीने नावाबरोबर खुर्चीही घेतली.

नावाचा खरा हिशेब पैशात कळतो. ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका, दोघांच्या नावात सेवा. त्याला वेतन, तिला मानधन. २०२४ मध्ये राज्य सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे पदनाम दिलं. अंगणवाडी १९७५ पासून चालू आहे; सेविका अजून सेविकाच. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, पूर्वप्राथमिक शिक्षण एवढं सगळं करूनही लोकांच्या लेखी ती 'पोरं सांभाळणारी बाई'. घरात बायका फुकट करतात तेच काम, मग त्याला पगार कशाला, हा समज त्या नावाने पक्का होतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं ठरवलं. म्हणजे कायद्याने नोकरी ओळखली, पदनामाने अजून नाही.

म्हणून नुसतं 'मन' काढून किंवा 'मॅडम' जोडून प्रश्न सुटत नाही. नाव बदलताना वेतनश्रेणी बदलली का, एवढं विचारावं. ग्रामसेवकाच्या बाबतीत पाटीच्या आधी पगार होता; सेविकेच्या बाबतीतही क्रम तोच हवा.

(पुढील लेखांकात : 'पाहिजेत'च्या जाहिरातींतले स्त्री-पुरुष)