पहिला फोटो पलंगाचा नको
मालवण-तारकर्लीत पर्यटकांना घर देणाऱ्यांच्या ऑनलाइन जाहिरातीत पहिला फोटो बहुतेकदा गुलाबी चादरीच्या पलंगाचा असतो. पलंग काय, सगळ्यांकडेच असतो! मोबाइलवर भराभर अंगठा फिरवणारा पाहुणा थांबतो तो सारवलेल्या अंगणापाशी, माडांमधून दिसणाऱ्या पाण्यापाशी. फोटो सकाळच्या उजेडात, खिडक्या उघडून, मोबाइल आडवा धरून काढा. एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कला यजमानांच्या घरी जाऊन स्वतः चांगले फोटो काढले, आणि त्या घरांची कमाई वाढली.

वर्णनात नुसतं ‘निसर्गरम्य’ लिहून काही कळत नाही. कुडाळ स्टेशनहून यायचं कसं, किनारा चालत किती मिनिटांवर, गाडी दारापर्यंत येते का, इन्व्हर्टर आहे का, ते लिहा. संडास कमोडचा की भारतीय, हेही लिहा; आजी-आजोबांना घेऊन येणारे आधी तेच विचारतात. सुरमईच्या आणि बांगड्याच्या थाळीचे दर वेगवेगळे द्या. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तेही आधीच सांगून टाका. नाहीतर त्याचा राग तुमच्या घराच्या रेटिंगवर निघतो. आणि मे महिन्याचा दर जुलैत तसाच ठेवू नका.