बोटीच्या तळाला तांब्याचे कवच

समुद्रात उभ्या बोटीच्या तळाला शेवाळ व बार्नेकलसारखे कवचधारी जीव चिकटले की वेग मंदावतो, इंधन अधिक जळते. तांबे हा त्यावरचा जुना उतारा. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेला तांब्याचे पत्रे ठोकले. पण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळेच गंजून गेले. ॲल्युमिनियमच्या बोटींना हाच धोका असल्याने त्यांना क्युप्रस ऑक्साइडचा रंग वर्ज्य.

फायबरच्या बोटीसाठीही डब्यावरील तांब्याच्या टक्केवारीला भुलू नये. तांबे पाण्यात किती संथपणे सुटते, यावर टिकाऊपणा ठरतो. नेहमी फिरणाऱ्या बोटीला हळूहळू झिजणारा रंग मानवतो. तांब्याची पूड मिसळलेले इपॉक्सी महाग खरे, पण कोरड्या तळावर नीट लावल्यास दहा वर्षेही टिकते.