गांडुळाचे विष आणि पेशीची भिंत

गांडुळाला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. डहाणू-तलासरीकडे, मसोलीसारख्या गावी ज्यांनी वाडीत गांडूळखताचा हौद केला असेल, त्यांना तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे एक गांडूळ ठाऊक असेल. शास्त्रात त्याला ‘आयसेनिया फेटिडा’ म्हणतात. फेटिडा म्हणजे घाण वासाचा. डिवचले की ते अंगातून पिवळसर, उग्र वासाचा रस सोडते. मित्र खरा, पण अगदीच निःशस्त्र नाही!

या रसातून जपानी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात ‘लायसेनिन’ नावाचे प्रथिन वेगळे काढले. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. असे का व्हावे? आपल्या प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ आवरण असते. ते मुख्यतः निरनिराळ्या जातींच्या स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असते. त्यांतल्या एकाचे नाव स्फिंगोमायलिन. लायसेनिन नेमके त्यालाच जाऊन चिकटते, हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. मग त्याचे नऊ रेणू मिळून एक कडे करतात, आणि आवरणाला आरपार भोक पडते.

हे ऐकून गुरुजींनी मुलांना गांडूळ दाखवायचे बंद करू नये. नंतर हात साबणाने धुवावेत, हाताला जखम असेल तर हातमोजा घालावा, म्हणजे झाले.

आता या विषाचा उपयोग काय, ते पाहू. आपल्याकडची कुडाची भिंत घ्या. ती पाडून कारवी किती, शेणमाती किती, हे वजन करून सांगता येईल. पण कोणती काडी कुठे होती, ते कळायचे नाही. पेशी कुटून स्निग्ध द्रव्ये मोजताना हीच अडचण येते. म्हणून संशोधकांनी लायसेनिनचा भोक पाडणारा भाग काढून टाकला, चिकटणारा तेवढा ठेवला आणि त्याला चमकणारे प्रथिन जोडले. आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की जिथे स्फिंगोमायलिन, तिथे उजेड! युक्ती मोठी नामी, यात शंका नाही.

आणि ही नुसती हौस नव्हे. नीमन-पिक नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. त्याच्या ‘अ’ प्रकारात स्फिंगोमायलिन मोडणारे विकर शरीरात नसल्यासारखेच असते. ते द्रव्य प्लीहेत, यकृतात, मेंदूत साचत जाते. तान्ह्या मुलाचे पोट फुगते, शिकलेली हालचाल ते विसरते, आणि बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आसपास दगावते. दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणून आते-मामे भावंडांच्या लग्नांत असल्या रोगांचा धोका वाढतो. अशा रोग्यांच्या पेशींत हे द्रव्य कुठे साठते, ते लायसेनिनने डोळ्यांना दिसले. ते विकर बाहेरून देण्याच्या औषधाला २०२२ साली जपान, युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. प्लीहा-यकृताला त्याने उतार पडतो. मेंदूपर्यंत मात्र ते पोचत नाही.