तुरीचे टरफल, सोयाबीनची त्वचा

लातूरच्या पेठेचे वैभव कशावर उभे आहे, असे कोणी विचारले, तर आडत दुकानांची रांग, डाळमिलांची धुराडी, तेल काढणारे कारखाने आणि हंगामात बाजार समितीच्या आवारात लागणारे पोत्यांचे डोंगर यांच्याकडे बोट दाखवता येईल; परंतु या साऱ्या व्यवहाराच्या तळाशी जाऊन पाहिले असता, पिढ्यानपिढ्यांची नफ्यातोट्याची हकीकत अखेर दोन बियांच्या बाह्य आवरणाशी, म्हणजे एका मिलिमीटरहूनही पातळ अशा त्वचेशी येऊन ठेपते. तुरीची त्वचा सुटता सुटत नाही आणि सोयाबीनची टिकता टिकत नाही. एकीला सोडवण्यासाठी आणि दुसरीला जपण्यासाठी जी यंत्रविद्या लागते, तिचा विचार या मुलखात जितक्या गांभीर्याने व्हावयास हवा तितका अद्याप झालेला नाही, असे मला वाटते.

निजामी अंमलात लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक कसबा होता. स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे त्याला लाभले ते 16 ऑगस्ट 1982 रोजी. पण व्यापाराची पेठ म्हणून त्याची कीर्ती पुष्कळ जुनी, आणि सोळा रस्ते ज्या वर्तुळाला येऊन मिळतात ती गंजगोलाई त्याच कीर्तीची साक्ष आहे. या पेठेला बाहेरच्या जगाशी जोडण्याचे काम बार्शी लाईट रेल्वेने केले. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा 2 फूट 6 इंच रुंदीचा लोहमार्ग सुरू केला आणि 1911 मध्ये तो लातूरपर्यंत येऊन पोहोचला. कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे एक सूत्र त्याने आधी निश्चित केले. त्यावरून रुळांचे वजन, पुलांची ताकद, डब्यांची घडण आणि इंजिनाच्या चाकांची संख्या ही सारी क्रमाने ठरत गेली. या भागातला कापूस आणि धान्य स्वस्तात वाहून न्यायचे असेल तर मार्गाचा खर्चही त्या मालाला पेलेल इतकाच असला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. यंत्राच्या कल्पनेपासून सुरुवात न करता मालाच्या स्वरूपापासून सुरुवात करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण या परिसरात दुसरे सापडत नाही, आणि तुरीच्या व सोयाबीनच्या बाबतीत मी जे म्हणणार आहे त्याचे मर्मही तेच आहे.

तुरीच्या दाण्याचे वजन 100 धरले, तर त्यात टरफलाचा वाटा 13 ते 15, अंकुराचा एकदोन आणि उरलेला, म्हणजे सुमारे 85 भाग, दोन दळांचा असतो. अर्थात शंभर किलो तुरीतून 85 किलोंच्या आसपास डाळ मिळणे ही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या गिरणीत 65 ते 70 किलो आणि सुधारलेल्या गिरणीत 70 ते 75 किलो डाळ हाती येते. ही तफावत का पडते? हरभऱ्याचे टरफल थोड्या प्रयासाने निघते. तुरीच्या टरफलाखाली मात्र डिंकासारख्या चिकट द्रव्याचा एक सूक्ष्म थर असतो, आणि तो टरफलाला दळाशी असा जखडून ठेवतो की जोर लावावा तर टरफलाबरोबर दळाचा पृष्ठभागही खरवडला जातो. दुःखाची गोष्ट अशी, की दळाचा हा बाहेरचा थरच प्रथिनांनी अधिक संपन्न असतो. आणि नेमका तोच भुकटी होऊन चुनीत आणि कळण्यात जातो. गुरांच्या मुखी तो लागतो म्हणून अगदीच वाया गेला असे नव्हे; पण ज्या देशात सामान्य कुटुंबाच्या ताटातील प्रथिनांचा मोठा आधार डाळ हाच आहे, त्या देशात हा व्यय लहान मानता येत नाही.

जात्याच्या काळातील स्त्रियांनी या डिंकाचा बंदोबस्त आपल्या परीने केलेला होता. तूर भिजत घालायची, कुठे कुठे तिला तांबडी माती चोळायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग जात्यावर भरडून सुपाने पाखडायची, हा शिरस्ता. पाण्याने टरफल फुगते, उन्हाने आक्रसते, आणि या फुगण्या-आक्रसण्यात डिंकाचे बंधन ढिले पडते. गिरणीने हेच तत्त्व निराळ्या साधनांनी अंगीकारले. तेथे तूर प्रथम चाळणीने प्रतवार होते. मग कुरुंदाचा थर दिलेल्या फिरत्या रोलमधून जाऊन तिच्या टरफलावर ओरखडे उमटतात. त्या ओरखड्यांतून आत शिरावे म्हणून तिला अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी तेल चोळतात. मग ती फरशीवर उन्हात पसरतात, रात्री ढीग करून झाकतात, पुन्हा पसरतात. अशी काही दिवसांची तपश्चर्या झाल्यावर पाण्याचा हबका देऊन ती पुन्हा रोलवर चढते आणि टरफल निघालेला अखंड दाणा, ज्याला गिरणीत गोटा म्हणतात, तो बाहेर पडतो. एका फेरीत सारी तूर सुटत नाही; न सुटलेली पुन्हा त्याच वाटेने जाते, आणि प्रत्येक फेरीत काही अंश भुकटी होतो. गोटा फोडून जी स्वच्छ, धारदार कडांची डाळ निघते तिला पेठेत फटका म्हणून मान आहे.

या सगळ्या प्रक्रियेचा खरा चालक सूर्य आहे, आणि तेथेच तिचे दौर्बल्य आहे. आभाळ भरून आले की फरशीवरची तूर गोळा करावी लागते. पावसाळ्यात काम मंदावते. उन्हाचा ताव रोज सारखा नसल्याने एका घाण्याची डाळ दुसऱ्याशी जुळत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जिची स्थापना 1950 मध्ये झाली, या प्रश्नाला थेट हात घातला. तुरीला नियंत्रित उष्ण हवेचा झोत द्यायचा, मग ती उष्ण असतानाच कोठीत काही तास मुरू द्यायची, आणि टरफल ठिसूळ होऊन दळापासून सुटण्याच्या नेमक्या आर्द्रतेला तिला आणून सोडायचे, ही त्या संस्थेची तजवीज. तेलाची गरज राहिली नाही, उन्हाची मनधरणी संपली आणि डाळीचा उतारा 80 टक्क्यांच्या आसपास गेला. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने खाण्याच्या सोड्याचे द्रावण वापरून डिंक सैल करण्याचा निराळा मार्ग शोधला. हे संशोधन दशकानुदशके उपलब्ध आहे. तरीही फरशीवरचे वाळवण लोपलेले नाही, कारण ऊन फुकट मिळते आणि उष्ण हवेसाठी इंधन जाळावे लागते. व्यापाऱ्याचा हा हिशेब चूक म्हणता येत नाही. तो अपुरा आहे. दिवसाला 100 क्विंटल तूर भरडणाऱ्या गिरणीत उतारा 70 वरून 80 वर गेला, तर रोज 10 क्विंटल डाळ अधिक निघते, आणि ती तयार करायला एक गुंठाही अधिक पेरावा लागत नाही. गिरणीत नवे भांडवल घालताना डाळ चकचकीत करणाऱ्या पॉलिशकडे आणि रंग पाहून दाणा वेचणाऱ्या सॉर्टेक्सकडे आधी लक्ष जाते, कारण चकाकीला बाजारात लगेच भाव मिळतो. माझ्या मते भांडवलाचा पहिला हक्क उताऱ्याचा आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या मिनी डाळमिलने हा विचार गावापर्यंत नेला. बचत गटातील स्त्रिया ती चालवतात, शेतकरी आपली तूर कच्ची विकण्याऐवजी डाळ करून विकू शकतो, आणि चुनी-कळणा गावच्या गोठ्यातच राहतो. मोठ्या गिरणीच्या उताऱ्याशी ती बरोबरी करील असे नाही. परंतु मालाचे मोल जेथे वाढते तेथे शेतकऱ्याला उभे राहण्यास जागा मिळते, हे तिचे सामर्थ्य आहे.

शेतातील यंत्रांच्या बाबतीत एक जुना प्रसंग येथे सांगणे अगत्याचे वाटते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि काळ्या चिकण जमिनीसाठी तिने रुंद वरंबा व सरीची पद्धत बसवली. दीड मीटरच्या पट्ट्यात वरंबा आणि सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते, कमी झाला तर तेच मुरते. पद्धत उत्तम होती. तिच्यासाठी योजलेले अवजार मात्र बैलांनी ओढायचे, चाकांचे, नांगरणीपासून पेरणी-कोळपणीपर्यंत सर्व कामे एकट्याने करणारे, असे होते. ते महाग पडे, जड होते, आणि एका कामाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचे भाग बदलण्याची यातायात होई. पॉल स्टार्की या अभ्यासकाने 1988 मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे दहा हजार अवजारे तयार होऊनही अनेक कामांसाठी ती वर्षानुवर्षे वापरणारे शेतकरी नगण्य असल्याचे त्याला आढळले. तीन फणांच्या तिफणीने, चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हाताच्या अंदाजाने, शतकानुशतके जे साधले होते ते बाजूला सारायचे तर नवे साधन तितकेच सुटसुटीत हवे, हे त्या अनुभवातून कळले. पुढे तीच वरंबा-सरी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला जोडली गेली आणि मराठवाड्यात सोयाबीनसाठी ती आज शेतकरी आपणहून मागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना 18 मे 1972 रोजी झाली, असे पेरणीयंत्र सुधारण्याचे काम केले आहे. शिवाय ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याच्यासाठी बैलशक्तीच्या अवजारांचे संशोधनही तेथे चालू आहे, आणि या दुसऱ्या कामाचे मोल मला विशेष वाटते.

आता सोयाबीन. हे पीक लातूर भागात गेल्या तीन-चार दशकांत असे पसरले, की ज्वारी, मूग आणि उडीद यांची जागा त्याने मोठ्या प्रमाणावर घेतली. त्याच्या बीची त्वचा अतिशय पातळ, आणि मूलांकुर तिच्या अगदी लगत, कसलेही संरक्षण नसलेला. बी वरून धडधाकट दिसते. आत मूलांकुर दुखावलेला असतो, आणि हे कळते ते जमिनीत पेरल्यावर. प्रयोगशाळेत याची एक सोपी परीक्षा आहे: सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बी काही मिनिटे ठेवले, की ज्याची त्वचा तडकलेली आहे ते फुगून दुप्पट-तिप्पट दिसू लागते.

ही तडक बहुधा हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, पडते. मळणीच्या वेळी बियाण्यात 13 टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला 300 ते 400, आणि 14 ते 17 टक्के असेल तर 400 ते 500 ठेवावेत, अशी शिफारस आहे. वेग वाढला तर हानी त्याच प्रमाणात वाढेल, असा सामान्य समज असतो. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. फेरे 400 वरून 600 केले, म्हणजे दीडपट झाले, की दाण्यावरचा आघात सव्वादोनपट होतो. शिवाय मळणी झाल्यावरही पोते उंचावरून आपटले, किंवा थप्पी फार उंच रचली, तर राहिलेले काम तेथे पुरे होते.

ऑक्टोबर 2019 मधील अवकाळी पावसाने मराठवाड्यात कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी भिजल्या. आणि पुढच्याच खरिपात, 2020 च्या जून-जुलैमध्ये, पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा पूर आला, इतका की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. एकरी 30 किलोंची पिशवी, दोनदा पेरणी, आणि हातचा हंगाम गेलेला: त्या पावसाळ्यातील गावोगावच्या चेहऱ्यांचे वर्णन करण्याची गरज नाही. बियाणे कंपन्यांवर जबाबदारी ठेवणे रास्तच. पण पावसात सापडलेली गंज वाळवण्याचे साधन गावात नव्हते आणि आजही बहुतेक गावांत नाही, ही गोष्ट कोणत्याही चौकशीच्या दप्तरात ठळकपणे नोंदली जावयास हवी होती.

ओलाव्याची हीच बाब विक्रीच्या वेळी पुन्हा आडवी येते. कारखान्याचा सौदा 10 टक्के ओलावा, 2 टक्के काडीकचरा आणि 2 टक्के डागी दाणा या अटींवर ठरतो. त्याहून जास्त भरले की कडता लागतो. सरकारी आधारभूत खरेदीत ही मर्यादा 12 टक्के होती आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली. शिथिलता स्वागतार्ह होती. परंतु 15 टक्के ओलाव्याचे धान्य गोदामात रचले तर बुरशीचा धोका शेतकऱ्याकडून गोदामाकडे सरकतो, एवढेच. गावपातळीवर भाड्याने मिळणारे वाळवणयंत्र, ज्याला पऱ्हाटी-तुराट्यांसारखे शेतातलेच जळण चालेल, आणि आडतीच्या ओट्यावर शेतकऱ्याच्या देखत चालणारे, वेळोवेळी तपासले जाणारे ओलावामापक, या दोन गोष्टींना मी कोणत्याही मोठ्या यंत्राहून अग्रक्रम देईन. पीकच यंत्राला जुळते करून घेण्याचा प्रयत्नही सुरू आहे: परभणीचे एमएयूएस-162 हे सोयाबीन आणि राहुरीचा फुले विक्रम हा हरभरा, दोन्ही हार्वेस्टरने काढता येतील असे उंच वाढणारे वाण आहेत.

हडंब्याचा वेग मात्र वाणाने सुटणारा प्रश्न नाही. मळणीची मजुरी पोत्यामागे ठरते, म्हणून यंत्रवाल्याला दिवसात जितकी पोती निघतील तितकी हवी असतात, आणि तो ड्रम जोरात फिरवतो. यात त्याचा लोभ शोधण्याचे कारण नाही, हंगाम पंधरा-वीस दिवसांचा आणि पाऊस डोक्यावर. म्हणून ज्याला घरचे बियाणे राखायचे आहे त्याने तेवढ्या पाच-सहा पोत्यांची मळणी तासावर ठरवावी आणि हडंब्याला मोठी पुली लावून घ्यावी, म्हणजे ट्रॅक्टरचा वेग तोच राहून ड्रमचे फेरे उतरतात. असा दोन पुल्यांचा, वरचा आकडा सहज वाचता येईल अशा फेरेमापकाचा हडंबा आपल्या तालुक्यातील कार्यशाळांना बांधता येण्याजोगा आहे, आणि विद्यापीठाने त्याचा नकाशा व प्रमाण ठरवून दिले तर ते काम एका हंगामात उभे राहील. मार्च-एप्रिलमध्ये त्या राखलेल्या पोत्यातील 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. त्यातले 70 उगवले तर शिफारशीप्रमाणे पेरावे, त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे, आणि फारच कमी उगवले तर ते पोते बाजाराला पाठवून मृगापूर्वी दुसरे बघावे.