जुन्या कॉम्प्युटरवरचं ओझं एका कमांडने उतरवा!

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कुणाच्या ऑफिसात जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय? भंगारात देऊ नका! त्यावर लिनक्स टाकून फाइल सर्व्हर करा. सर्व्हरला डेस्कटॉप लागत नाही. तो सुरूच झाला नाही की बरीच रॅम वाचते.

(सिस्टिमडी असलेल्या लिनक्ससाठी. कमांड रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करा.)

▪ थेट कन्सोल: ‘सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर डॉट टार्गेट’
▪ पुन्हा डेस्कटॉप: शेवटी ‘ग्राफिकल डॉट टार्गेट’
▪ दोन्ही बदल रीबूटनंतर दिसतात.
▪ आत्तापुरतं: ‘सेट-डिफॉल्ट’ऐवजी ‘आयसोलेट’. आधी काम सेव्ह करा, डेस्कटॉपवरची अ‍ॅप्स बंद होतात!
▪ सध्याची निवड: ‘सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट’

करून बघा, अडलं तर कमेंटमध्ये विचारा.