वीजमंडळाची विक्री आणि गळतीचा हिशेब

सरकारने व्यापार करावा की करू नये, हा वाद आपल्या व्यापारी समाजात जुना आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकजण त्याचे उत्तर प्रश्न पुरता ऐकण्यापूर्वीच देऊन मोकळे होतात. विजेच्या धंद्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर तितके सोपे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चंदीगड शहराचा वीजपुरवठा खाजगी कंपनीच्या हाती गेला. उत्तर प्रदेशात २०२४ च्या अखेरीस दोन सरकारी वितरण कंपन्यांसंबंधी तसाच प्रस्ताव निघताच तेथील कर्मचाऱ्यांनी विरोध आरंभिला. उद्या हा प्रश्न आपल्याही गावी येईल. ज्याची डाळीची वा पिठाची गिरणी, शीतगृह किंवा साधे दुकान विजेवर अवलंबून आहे, त्या प्रत्येकाने तो मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे. ह्या कामी ओरिसाचे, म्हणजे आजच्या ओडिशाचे, उदाहरण फार बोधप्रद आहे. कारण तेथे एकच पेढी दोन वेळा विकली गेली.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. वीज निर्माण करणे, ती उच्च दाबाच्या तारांवरून दूर नेणे आणि घरोघरी पोहोचवून पैसे वसूल करणे, अशी ह्या धंद्याची तीन अंगे आहेत. उत्पादक, वाहतूकदार आणि किरकोळ दुकानदार हीच ती त्रयी होय. पैकी गल्ला फक्त दुकानदाराजवळ असतो. मागील दोघांची देणी त्यातूनच भागायची असतात. म्हणून वितरण बुडाले की सर्वच बुडते.

आता गळती. धान्यात घट येते, पोते फाटते, वाटेत सांडलवंड होते. विजेचेही तसेच आहे. तार तापण्यात काही वीज जाते, आणि तार जितकी जुनी, बारीक व लांब तितकी अधिक जाते. काही वीज आकडे टाकून चोरली जाते. काही मोजली जाते, तिचे बिलही दिले जाते, पण पैसे येत नाहीत. उदाहरणादाखल, कंपनीने १०० युनिट विकत घेतले, वाटेत ३० गेले आणि ७० चे बिल झाले. त्या बिलांपैकी शेकडा ८० च वसूल झाले, तर हाती पैसे आले ५६ युनिटांचे. उरलेल्या ४४ चा भार कोणी सोसावा, ह्या एका प्रश्नाभोवती खाजगीकरणाचे सारे प्रकरण फिरते.

ओरिसाचे वीजमंडळ १९६१ साली स्थापन झाले. नव्वदीच्या दशकात ते डबघाईस आले, तेव्हा जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथील सरकारने १९९५ मध्ये सुधारणेचा कायदा केला. १ एप्रिल १९९६ पासून मंडळाची वाटणी झाली. जलविद्युत एका महामंडळाकडे, तर पारेषण व वितरण ‘ग्रिडको’कडे गेले. दर ठरविण्यासाठी स्वतंत्र नियामक आयोग नेमला गेला. राज्य पातळीवरील असा हा देशातील पहिलाच आयोग. पुढे वितरणाच्या चार कंपन्या करण्यात आल्या. १९९९ साली त्यांपैकी तिघींचे ५१ टक्के भाग मुंबईच्या बीएसईएस कंपनीने घेतले आणि मध्य ओरिसाची चौथी कंपनी एईएस ह्या अमेरिकन कंपनीकडे गेली. एखाद्या राज्यातील वितरण अशा रीतीने खाजगी हाती देण्याचा स्वतंत्र भारतातील हा पहिला मोठा प्रयोग होता.

प्रयोग फसला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी महाचक्रीवादळाने किनारपट्टी उद्ध्वस्त केली व खांब-तारा भुईसपाट झाल्या. परंतु सारा दोष वादळाच्या माथी मारता येत नाही. खरी कारणे वहीत होती. विक्रीपूर्वी गळतीचा जो आकडा गृहीत धरला होता, त्याहून प्रत्यक्ष गळती बरीच मोठी निघाली. मीटर धड नसल्याने खरा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. दुसरे असे की, वाटणीच्या वेळी मालमत्तेची किंमत कागदोपत्री वाढविण्यात आली आणि सरकारने मंडळाला द्यावयाच्या रकमा त्या वाढीत वळत्या करून टाकल्या. पेढीत नवी रोकड आली नाही, मात्र घसारा आणि व्याज ह्यांचा बोजा वाढला. तिसरे, सरकारी अनुदान बंद झाले आणि गळती कमी होईपर्यंतची तूट कोण भरणार, हे ठरलेच नव्हते. वसुलीची रक्कम वीजखरेदीपोटी ग्रिडकोकडे बांधलेली असल्याने दुरुस्तीलाही पैसा उरेना. नवे मालकही स्वतःचे भांडवल ओतण्यास फारसे राजी झाले नाहीत. एईएसने २००१ मध्ये काढता पाय घेतला. उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने नियामक आयोगाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. अशा रीतीने सोळा वर्षांत सर्व दुकाने पुन्हा सरकारी देखरेखीखाली आली.

दुसरी विक्री २०२० व २०२१ साली झाली. १ जून २०२० रोजी मध्य भाग, आणि एप्रिल २०२१ पर्यंत उरलेले तिन्ही भाग टाटा पॉवरकडे गेले; ५१ टक्के टाटांचे, ४९ टक्के सरकारी ग्रिडकोचे. कंपनी तीच, गिऱ्हाईक तेच, तारा त्याच. पण करारपत्र निराळे. ह्या वेळी विक्री २००३ च्या वीज कायद्याखाली खुद्द आयोगाने केली. जुनी देणी नव्या पेढीच्या माथी मारली नाहीत. दरवर्षी गळती किती खाली आणायची आणि किती भांडवल घालायचे, हे खरेदीदाराकडून लिहून घेतले. गळती त्याहून अधिक राहिली तर भुर्दंड त्याचा, ग्राहकाचा नव्हे. त्यानंतर गळती उतरली आहे. तक्रारी संपल्या असे मात्र नाही. स्मार्ट मीटर व बिले ह्यांविषयी तेथे असंतोष प्रकट झालेला आहे.

दिल्लीचा अनुभवही ह्याच दिशेचा आहे. १ जुलै २००२ रोजी तेथील वितरण खाजगी झाले, तेव्हा अर्ध्याहून अधिक विजेचे पैसे हाती येत नव्हते. तेथे बोली किमतीवर न लावता, गळती कोण किती कमी करील ह्यावर लावली आणि संक्रमणकाळासाठी सरकारने ३,४५० कोटी रुपयांचे साहाय्य ठरविले. आज गळती एक आकडी आहे. परंतु दर वेळेवर न वाढविल्यामुळे कंपन्यांचे येणे साचत जाऊन मार्च २०२४ अखेर २७,२०० कोटींवर गेले, आणि ते ठराविक मुदतीत फेडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. आज स्वस्त वाटणारे बिल अशा प्रकारे उद्याच्या उधारीच्या खात्यावर लिहिलेले असू शकते.

ह्यावरून खाजगी तेवढे चांगले, असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याने बडोद्याकडे पाहावे. गुजरात वीजमंडळाची २००५ साली सात कंपन्यांत विभागणी झाली, पण मालकी सरकारचीच राहिली. ‘ज्योतिग्राम’ योजनेने शेतीच्या व गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या केल्या, चोरीवर कडक नजर ठेवली, आणि त्या सरकारी कंपन्या देशातील उत्तम वितरण कंपन्यांत गणल्या जातात. मालक बदलला नाही. वहीची शिस्त बदलली.

तेव्हा आपल्या गावी हा प्रश्न उभा राहिला तर व्यापारी संघांनी घोषणांच्या मागे न लागता चार गोष्टी लेखी मागाव्यात. गळतीचा आकडा मीटर लावून मोजलेला आहे की अंदाजाने धरलेला? जुनी देणी कोणाच्या खाती जाणार? गळती उतरेपर्यंतची तूट कोण भरणार? आणि शेतकऱ्यास वा गरिबास सवलत द्यायची, तर तिची रक्कम सरकार आगाऊ भरणार काय? २००३ च्या कायद्याच्या कलम ६५ अन्वये ती आगाऊ भरणे सरकारवर बंधनकारक आहे. ती न भरल्यास तिचा बोजा चढ्या दराच्या रूपाने दुकाने व कारखाने ह्यांच्यावरच येतो, हे आपण विसरू नये. सवलतीस आपला विरोध असण्याचे कारण नाही. ती कोणाच्या खिशातून जाते, एवढे वहीत स्पष्ट दिसावे.

नियामक आयोग हा ह्या बाजारातला मापाडी आहे. घेणारा व देणारा, दोघांचाही त्याच्यावर विश्वास असेल तरच सौदा टिकतो. आयोग दरांबाबत जाहीर सुनावणी घेतो. तेथे कोणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. आपण मात्र बिल आल्यावर दुकानात बसून कुरकुर करतो आणि सुनावणीच्या दिवशी गैरहजर राहतो. प्रत्येक संघाने निदान एक जाणता सभासद हे हिशेब वाचण्यास नेमून सुनावणीस पाठवावा. फाटके पोते ह्या वखारीतून त्या वखारीत नेल्याने धान्य सांडायचे थांबत नाही. ते आधी शिवावे लागते, आणि शिवणारा कोण, हे त्यानंतर ठरवावे.